शंकरपटाची वाट

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पोळ्याच्या दिवशी जाऊन पाहा. बैल सजलेले असतात, तोरणाखाली झडत्या चाललेल्या असतात. गर्दीच्या कडेला चार-दोन माणसे मात्र झुलीकडे किंवा शिंगांच्या रंगाकडे पाहत नसतात. त्यांची नजर बैलाच्या खुरांवर, मांड्यांवर, पाठीवर असते. "औंदा जोडी लागली का?" एवढाच त्यांचा प्रश्न. पटाला अजून चार महिने असतात, कपाशीला बोंडेही नीट धरलेली नसतात. पण शौकिनांचा हंगाम तिथेच सुरू होतो.

बैलांची शर्यत महाराष्ट्रभर आहे, पण तिची तऱ्हा मुलखागणिक वेगळी. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगावकडे घाटात बैलगाडा पळतो, पुढे घोडीवर स्वार असतो. सांगली-साताऱ्याकडे खिल्लार बैलांचा बोलबाला. विदर्भात तो शंकरपट. शंकर म्हणजे नंदीचा धनी आणि पट म्हणजे धावेची पट्टी, असा सरळ अर्थ आपली माणसे लावतात. दोन बैल, हलकी छकडी, तिच्यावर एक धुरकरी आणि समोर सरळ पट्टी. खरा प्रतिस्पर्धी घड्याळ. सेकंदाच्या बारीकशा तुकड्याने जोडी हरते आणि त्या तुकड्यावर पुढचे वर्षभर पारावर वाद चालतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर साऱ्या विदर्भात नावाजलेला.

हा नाद वऱ्हाडात रुजला, याचे मला तरी नवल वाटत नाही. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तरी शेतातून खामगावच्या बाजारापर्यंत कापूस आणायला बैलगाडीच लागे. ज्याची जोडी चपळ, त्याची गाडी बाजारात आधी लागणार. त्या रस्त्यांवर बैल बैलाशी कधी पळालाच नसेल, हे मला पटत नाही. पूर्वेला वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ बैल मराठ्यांच्या फौजांच्या वेगवान हालचालींसाठी जोपासला गेला, असे मानतात. म्हणजे वेगाची पारख इथे जुनीच.

आणि पट म्हणजे नुसता बैलवाल्यांचा खेळ नव्हे. दोरखंड वळणारा, छकडीचा सुतार, ढेपेचा दुकानदार, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवणारा हेडी आणि आमच्यातला नालबंद, अशा सगळ्यांचीच त्यात थोडीफार रोजी असते.

आता त्या कोरड्या पडलेल्या वर्षांविषयी. 11 जुलै 2011 रोजी केंद्राने ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत, त्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यतींवरही बंदी आणली. 7 जानेवारी 2016 रोजी, ऐन हंगामात, केंद्राने नवी अधिसूचना काढून वाट मोकळी केली. अवघ्या पाच दिवसांत, 12 जानेवारीला, न्यायालयाने तिला स्थगिती दिली. संक्रांत तोंडावर होती! 2017 साली राज्याने स्वतंत्र कायदा केला, पण ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला अडवले. दर हिवाळ्यात "यंदा होणार" म्हणायचे आणि बैल दाव्यालाच बांधून ठेवायचा. शेवटी 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला.

मोजून पाहा, 2014-15 पासून 2020-21 पर्यंत सात हिवाळे.

शौकिनांचा हंगाम दुसरीकडेही बुडाला आहे. दूर जपानमध्ये 1985 पासून साध्या प्रवासी गाड्यांवर बेतलेल्या मोटारींची राष्ट्रीय स्पर्धा भरत असे. सुझुका, फुजी अशा धावपट्ट्यांवर लोक पुढच्या हंगामाची वाट पाहत. 1997 नंतर निस्सान आणि होंडा बाहेर पडल्या, 1998 साली मैदानात एकटी टोयोटा उरली आणि स्पर्धा बंद पडली. शौकिनांना वाईट वाटले असणारच. पण निस्सानने आपल्या जुन्या शर्यतीच्या गाड्या झामा गावात जपून ठेवल्या आहेत. मोटार थांबू शकते. तिचे वय वाढत नाही.

बैलाचे वाढते, आणि ते दातांवर दिसते. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. मे 2014 मध्ये जो गोऱ्हा चार दाती, म्हणजे तीनेक वर्षांचा होता, तो डिसेंबर 2021 मध्ये दहा ओलांडून गेला. त्याची पळायची सगळी वर्षे गोठ्यात गेली. बैलांची एक अख्खी पिढी पट न पाहताच म्हातारी झाली. त्यातच नांगरटीला ट्रॅक्टर आला. ज्या बैलाला वावरातही काम नाही आणि पटातही नाही, त्याला उडीद आणि ढेप कोण घालणार? पुष्कळांनी जोड्या विकल्या. पाळणाऱ्याचा हात एकदा मोडला, की पारख शिकवणाराही राहत नाही.

न्यायालयासमोर मांडला गेलेला छळ खोटा होता, असे मात्र कोणी म्हणू नये. खिळ्याची तुतारी, पिळलेली शेपटी, चावा, नको त्या जागी मार, हे पटात चालत होते. चांगले धुरकरी त्याला कमीपणा मानत, पण इनामाच्या हव्यासापुढे चांगल्यांचे किती चालते? आता कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो, धाव हजार मीटरच्या आत ठेवावी लागते. छळ केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. ते कागदावर न राहता पट्टीवर दिसावेत, एवढे गावाने पाहिले पाहिजे.

तुतारी हातातून गेली, की धुरकऱ्याजवळ उरतो तो आवाज. बैल त्या आवाजाला ओळखायला वर्ष-दीड वर्ष लागते, रोज पहाटे त्याच्याबरोबर चालावे लागते. ज्यांनी 2022 नंतर गोऱ्हे धरले, ते आता कुठे जुळलेल्या बैलांचे धनी झाले आहेत. पौषात त्यांच्या जोड्या पट्टीवर उतरतात. कपाशीचे वेचे लांबले तर पट माघावर जातो, आणि मग पारावर पुन्हा तेच, औंदा कोणाची जोडी लागली?