पथ्याचं कूळ

आई थायरॉइडची गोळी चहाबरोबर घ्यायची. सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी पहाटे साडेपाचला चहा होतो. गोळी अनशापोटी घ्यायची हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण चहा म्हणजे काही खाणं नव्हे, हा तिचा हिशेब. डोस दोनदा वाढला तरी रक्ताच्या तपासणीतलं टीएसएच खाली येईना. तिने पहिल्याच दिवशी मेडिकलमध्ये विचारलं होतं, "याला पथ्य काय हो?" उत्तर मिळालं, "काही नाही काकू, सगळं खा."

मला त्या उत्तराचा राग येतो, कारण 'पथ्य' हा फार मोठ्या घरचा शब्द आहे. पाणिनीने एकाच सूत्रात चार भावंडं सांगितली: धर्म्य, पथ्य, अर्थ्य, न्याय्य. न्यायाला सोडून नाही ते न्याय्य, तसं पथाला, म्हणजे वाटेला, सोडून नाही ते पथ्य. चरकसंहितेत ही वाट शरीरातली झाली. तिला जे बाधत नाही आणि मनालाही रुचतं, ते पथ्य. मनाला रुचणं त्यात होतं, हे आपण साफ विसरलो. हिरड्याचं तर एक संस्कृत नावच 'पथ्या'. आणि औषध कशासोबत पोटात जावं, मध, तूप की कोमट पाणी, यासाठी 'अनुपान' हा वेगळा शब्द.

मराठीत येता येता पथ्य म्हणजे नुसती बंदी झाली. वांगं नको, बटाटा नको, आंबट नको. जुना अर्थ एका बोलण्यात तेवढा जिवंत राहिला: पाऊस लांबला आणि द्राक्षवाल्याच्या पथ्यावर पडला, असं आपण म्हणतो तेव्हा पथ्य म्हणजे मानवणारं, सोयीचं. पुढे काढ्याच्या जागी गोळी आली आणि घरोघरी एक समजूत रुजली, की इंग्रजी औषधाला पथ्य नसतं.

असतं. चहातल्या दुधाचं कॅल्शियम थायरॉइडची गोळी आतड्यातच अडकवून ठेवतं. लोहाच्या गोळीला चहातलं टॅनिन धरतं. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याने मेथी-पालक टाकायचा नसतो, त्याचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं असतं. त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं; आठवडाभर भाजी बंद आणि मग एकदम पातेलंभर, हे घातक.

सगळ्यात विलक्षण गोष्ट कॅनडातली. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी दारूचा रक्तदाबाच्या फेलोडिपिन या गोळीवर काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं. ज्यांना दारू दिलीच नव्हती त्यांच्यातही! १९८९ साली हे प्रसिद्ध झालं. औषधाचा बराच भाग आतड्यातच मोडून टाकणारं एक विकर असतं. ग्रेपफ्रूटचा रस ते निकामी करतो. मग तीच गोळी अंगाला जादा होते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचंही तसंच.

आमच्या ओळखीच्या तासगावकडच्या एका काकांनी ही बातमी कुठेतरी वाचली आणि घरची द्राक्षं खाणं सोडलं. नावात ग्रेप होतं ना! ग्रेपफ्रूट पपनसाच्या कुळातलं, द्राक्षाशी त्याचं काही नातं नाही. सांभाळायचं ते पपनस, कारण तेही त्याच विकराला छळतं. काकांना हे समजावलं तेव्हा त्यांनी आधी घड हातात घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

हळदीबद्दलही सांगायलाच हवं, कारण ती आमची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती साठवली जायची. आमटीतली चिमूटभर हळद खुशाल खावी. पण तिच्या अर्काच्या कॅप्सूल, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसोबत, डॉक्टरांना न सांगता घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

आईचा प्रश्न अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी डोस न वाढवता सोडवला. त्यांनी फक्त विचारलं, "गोळी कशासोबत घेता?" आता साडेपाचला गोळी आणि तांब्यातलं पाणी. मग विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला एक मोठी फेरी. तिची कॅल्शियमची गोळीही आता लांब, रात्री जेवणानंतर. फेरीवरून परतताना ती कोपऱ्यावरूनच हाक मारते, "आधण ठेव गं!"