फुरसतीचे फोटो

जुन्या हैदराबादचे फोटो म्हटलं की एकच नाव तोंडी येतं, राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधना गावी 1844 साली एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात लागले आणि तिथेच कॅमेऱ्याचा नाद लागला. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं, ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. आम्हा जैनांना या नावाचा अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण अभिमान जरा बाजूला ठेवून ते फोटो नीट बघितले पाहिजेत.

त्यांत फुरसत दिसते ती कोणाची? शिकारीहून आलेल्या साहेबांची, पोलो खेळणाऱ्यांची, नवाबांच्या पाहुण्यांची. मारलेल्या वाघाजवळ बंदूक घेऊन उभी असलेली मंडळी जैन घरातल्या माणसाने टिपली आहेत. पोटाचा धंदा होता, त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक! साधी माणसंही त्यांच्या फोटोंत आहेत, पण ती दुष्काळाच्या वेळची. 1899-1900 चा तो छप्पन्या दुष्काळ. औरंगाबादकडच्या मदतकामांचे फोटो त्यांनी काढले. औरंगाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात, म्हणजे ही आपलीच मराठी बोलणारी माणसं. राजा बसला की फोटो, आणि रयत उपाशी पडली की फोटो. मधलं रोजचं जगणं, ओट्यावरच्या गप्पा, जत्रा, सणवार, हे फारसं कोणी टिपलंच नाही.

बायकांचं तर विचारूच नका. 1892 साली दीनदयाळांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत सगळं काम बायकांच्या हाती आणि देखरेखीला एक इंग्रज बाई. गोशातल्या बायका तिथे निवांत बसून फोटो काढून घ्यायच्या. केवढी मोठी सोय! पण ते फोटो परक्यांनी बघावेत म्हणून काढलेलेच नव्हते. ते घरात गेले, पेटीत गेले. दीनदयाळांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी कला केंद्राने घेतल्या, म्हणून त्या तरी सांभाळल्या गेल्या. घरातल्या पेट्या कोण सांभाळणार?

तिकडे स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळ न्यूहेवन नावाची कोळ्यांची वस्ती होती. 1840 च्या दशकात हिल आणि अ‍ॅडमसन या दोघांनी तिथल्या मासेवाल्या बायकांचे, टोपल्यांसकट, फोटो काढले. त्यांतल्या एकीचं नाव आजही माहीत आहे, एलिझाबेथ जॉनस्टन हॉल. एका मासेवालीचं नाव पावणेदोनशे वर्षं टिकलं, कारण कोणीतरी ते लिहून ठेवलं. एवढंच कारण!

आपल्या गौलीगुड्याचंच बघा ना. बस स्टँडवरचं ते भलंमोठं अर्धगोल छप्पर मुळात विमानांसाठी केलेलं. 1932 पासून निजामाच्या बसगाड्या तिथे उभ्या राहू लागल्या. त्याच छपराखालून आपण माहेरी गेलो, लग्नांना गेलो, लेकी सासरी पाठवल्या. 2018 च्या जुलैत ते कोसळलं. आता ते फक्त फोटोंत उरलंय. छपराचे फोटो मिळतील, पण त्याखाली ट्रंकेवर बसून बसची वाट बघणारी आई कोणाच्या फोटोत असेल तर ती घरच्याच अल्बममध्ये.

म्हणून म्हणते, अल्बम रद्दीत घालू नका. फोटोच्या पाठीवर हलक्या हाताने, मऊ पेन्सिलीने लिहा: कोण, कुठे, कोणत्या साली. पेन नको, शाई पुढे उतरते. आणि हे काम घरातली म्हातारी माणसं आहेत तोवरच व्हायला हवं. ‘ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर देणारं माणूस गेलं की पैठणी नेसून खुर्चीत बसलेली आपली पणजीही त्या दुष्काळातल्या बाईसारखीच बिननावाची होते.