महीकाठची वाळू आणि चाकातील हवा

बडोद्याच्या उत्तरेस असलेली सावली मराठी वाचकाला अपरिचित नाही. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीराव गायकवाड यांचा घात झाला आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते सावलीस. फोर-बाय-फोर गाडी घेऊन जाणाऱ्यांना मात्र या तालुक्याचे आकर्षण वेगळे असते. मही नदीचे वालुकामय पात्र, काठची खोल घळी पाडणारी मातीची कोतरे आणि तेथवर पोहोचविणारा गुळगुळीत डांबरी रस्ता, असे तीन प्रकारचे पृष्ठभाग एकाच दिवसात चाकाखाली येतात. या तिन्हींसाठी टायरमधील हवा एकच ठेवणे हा अशा सहलीतील अपघातांचा आरंभ ठरू शकतो.

‘तीस हवा भरा’ असे आपण पेट्रोलपंपावर सांगतो, तेव्हा तो आकडा पीएसआयचा, म्हणजे दर चौरस इंचावरील पौंडांचा असतो. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा होय, शिफारस नव्हे. दाब मोजायचा तो टायर थंड असताना, कारण तापमान दहा अंशांनी वाढले तर तिशीच्या दाबात सुमारे दीड पीएसआयची भर पडते. तापलेल्या टायरमधून ‘जास्त झाली’ म्हणून हवा काढणारा चालक पुढच्या थंड सकाळी कमी हवेवर महामार्गावर उतरतो.

वाळूत हवा का कमी करायची, हे साध्या गणितातून कळते. एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि दाब ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो आहे असे धरू. जमिनीला टेकलेला भाग जेमतेम १४० चौरस सेंटिमीटर येतो. दाब १५ वर आणला की तो जवळजवळ दुप्पट होतो. टायरची भिंतही काही भार पेलत असल्याने प्रत्यक्षात वाढ थोडी कमी असते. ही वाढ रुंदीत नव्हे, मुख्यतः लांबीत होते. चाक वाळूत रुतण्याऐवजी पट्ट्यासारखे तिच्यावर पसरते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या ‘डक’ या जलस्थल वाहनात चालकाला बसल्या जागेवरून टायरचा दाब बदलता येई, तो याच कारणासाठी.

महीच्या कोरड्या वाळूसाठी १५ ते १८ पीएसआय हा व्यवहार्य पल्ला आहे. त्याखाली गेल्यास टायरची कड रिमवरून निसटण्याचा धोका वाढतो, विशेषतः वळण झटक्याने घेतल्यास. कोतरांत तर गाडी एका कुशीवर कलते आणि खालच्या बाजूच्या चाकांवर आडवा ताण येतो. तेथे २२ ते २५ बरे. चिखलाचा नियम सरसकट सांगता येत नाही. वरच्या थराखाली टणक जमीन असेल तर अरुंद टायर नि पुरेशी हवा चिखल कापून तळ गाठते. तळच नसेल तर हवा कमी करून वरून तरंगत जावे लागते. आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर दाब थोडाच उतरवावा, कारण फुगलेली भिंत धारदार कडेला सहज सापडते. (वाळूचा सराव किनाऱ्यावर करण्याचा विचार कुणी करू नये. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे.)

हवा काढायला दोन मिनिटे पुरतात, भरायला मात्र बारा व्होल्टचा पंप सोबत हवा. १८ पीएसआयवर महामार्ग गाठणाऱ्या टायरच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि वेगात फाटतात. पंप नसेल तर हवा काढूच नये, इतके हे सरळ आहे.

मोठे चाक बसविण्याचा मोह याहून महागडा. मारुती जिमनीचे मूळ माप १९५/८० आर १५. रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ८० टक्के आणि रिम १५ इंच. एकूण व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. तेथे २३५/७५ आर १५ घातल्यास व्यास ७३३ च्या पुढे जातो, सुमारे सहा टक्के अधिक. काटा १०० दाखवीत असताना गाडी १०६ ने धावते, आणि उतारावर इंजिनाचा रोध कमी पडतो. जमिनीपासूनची उंची वाढते फक्त २० मिलिमीटर!

शिवाय एवढ्या रुंद टायरला जिमनीचा साडेपाच इंची रिम अपुरा पडतो, म्हणून रिम बदलणे ओघाने येते. जिमनीला व जुन्या जिप्सीला १३९.७ मिलिमीटर वर्तुळावर पाच बोल्ट असतात. बोल्ट जुळले म्हणजे चाक बसले असे नव्हे. मधले छिद्र हबवर नेमके बसले पाहिजे, नटाचा उतार रिमच्या खाचेशी जुळला पाहिजे आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बसणीचे अंतर, मूळच्या जवळ असले पाहिजे. ऑफसेट २० मिलिमीटरने घटला की चाक तितकेच बाहेर येते. बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि सुकाणू जड होते. टायरचा भारांकही मूळपेक्षा कमी नसावा. १०० या अंकाचा अर्थ दर टायरला ८०० किलो. नवे रिम बसविल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

कायद्याचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ नोंदींशी विसंगत होतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. फेंडरबाहेर डोकावणारी चाके परिवहन अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटणे कठीण. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाच्या तर त्याहून.