बदरच्या दिवशी गैरहजर

अब्बा गेले तेव्हा मी एका खाजगी कारखान्यात हिशेबनीस होतो. मय्यतीसाठी गावी गेलो, सहा दिवसांनी परतलो. चार दिवसांचा पगार कापला, त्याचं एवढं वाटलं नाही. वर्षअखेरीस साहेबांनी माझ्या कागदावर 'कामाच्या वेळी गैरहजर' असा शेरा मारला, तो मात्र अजून सलतो. त्या काळात मला हजरत उस्मान (रजि.) फार आठवायचे.

हिजरी सन 2, म्हणजे इ.स. 624. रमजानचा महिना. मक्केच्या व्यापारी काफिल्याच्या मागावर मदिनेहून तीनशेच्या वर माणसं निघाली आणि बदरपाशी त्यांच्यासमोर जवळजवळ हजारांचं सैन्य उभं ठाकलं. एकेका माणसाची किंमत होती. उस्मान त्यांत नव्हते. त्यांच्या पत्नी हजरत रुकय्या (रजि.) अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी मदिनेतच थांबा, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच सांगितलं होतं. रुकय्या प्रेषितांच्या लेक. विजयाची वार्ता घेऊन जैद इब्न हारिसा (रजि.) मदिनेत शिरले, तेव्हा लोक त्यांच्या दफनात गुंतले होते. बाप रणांगणावरून परतायचा होता.

मग वाटणीची वेळ आली. उस्मानांना लढलेल्या माणसाइतकाच हिस्सा मिळाला, सवाबही तेवढाच सांगितला गेला. रजा नुसती मंजूर झाली नव्हती. भरपगारी झाली होती.

एक मित्र म्हणाला, "जावई होते ना, म्हणून." मला हे पटत नाही. मालिक इब्न हुवैरिस (रजि.) आणि त्यांचे सोबती कुणाचे जावई नव्हते. ही तरुण पोरं दीन शिकायला मदिनेत आली, वीस रात्री राहिली. त्यांना घरची ओढ लागली आहे, हे प्रेषितांनी ओळखलं, मागे कोण कोण आहे याची चौकशी केली आणि घरी जायला सांगितलं. पोरांनी अर्जही केला नव्हता. लढायला जायची परवानगी मागणाऱ्या एकाला, आईवडील हयात आहेत हे कळल्यावर, त्यांच्याच सेवेत राहायला सांगितलं, हीही नोंद हदीसमध्ये आहे.

पण शेरा मारणारे तेव्हाही होतेच. कित्येक वर्षांनी हजला आलेल्या एका इजिप्तच्या माणसाने अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांना गाठून विचारलं, उस्मान बदरला गैरहजर होते ना? होते, म्हणाले. त्या माणसाने खुशीत तकबीर दिली. मग इब्न उमरांनी त्याला थांबवून रुकय्यांचं आजारपण सांगितलं, मिळालेला हिस्साही सांगितला. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. गैरहजेरी लक्षात राहते, कारण विसरलं जातं.

सौदी अरबच्या कामगार कायद्यात आज नोकरदार मुस्लीम विधवेला इद्दतीची, चार महिने दहा दिवसांची, भरपगारी रजा आहे. मुस्लीम नसेल तर पंधरा दिवस. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्यात दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा होती, पण मृत्यूसाठी वेगळी अशी नव्हती. दुःखही त्याच वीसास एकच्या हिशेबात बसवायचं.

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातल्या एका नर्सचा नवरा वारला. सोळाव्या दिवशी ती ड्युटीवर गेली, तर शेजारपाजारच्या बायका कुजबुजल्या. रोजीसाठी विधवेने दिवसा बाहेर पडायला हनफी फिक्हमध्ये मुभा आहे, रात्र मात्र घरी काढायची, हे मी त्यांना सांगून पाहिलं. तिची अडचण वेगळीच होती. तिला रात्रपाळी लावली होती. दिवसपाळी मिळावी म्हणून अर्ज मीच लिहून दिला. कारणाच्या जागी लिहिलं 'इद्दत'. तिथल्या कारकुनाने तो शब्द खोडून 'घरगुती अडचण' असं लिहायला लावलं.