तापल्यावरच बंद पडणारी गाडी

सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होणारी, खोपोलीपर्यंत सुरळीत धावणारी आणि खंडाळ्याचा घाट निम्मा चढला की बंद पडणारी प्रीमियर पद्मिनी एके काळी मुंबई-पुणे रस्त्यावर हमखास भेटे. बॉनेट उघडे आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओले फडके. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू होई आणि ‘पंपाने एअर धरली होती’ हे निदान पक्के होई. ते पुष्कळदा बरोबरही असे, पण पुरावा कच्चा होता. तेवढ्या वेळात पंपाबरोबर इग्निशन कॉइल निवे, कंडेन्सर निवे, कार्बोरेटरही निवे. सगळेच निवल्यावर दोष नेमका कुणाचा, हे कसे ठरवणार?

हा बिघाड उष्णतेतच जिवंत असतो. गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत तो नाहीसा झालेला असतो. म्हणून तपास करायचा तो गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत. पेट्रोल इंजिनाला हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसे कॉम्प्रेशन लागते. उष्णतेने यांतले काय हिरावले, एवढेच शोधायचे असते.

बंद पडण्याची तऱ्हाच बरेच सांगून जाते. चावी फिरवून बंद करावी तशी गाडी एकदम थांबली, तर संशय विजेच्या बाजूवर. आधी झटके खाल्ले, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ मिळेना आणि मग थांबली, तर पेट्रोल कमी पडले. पेट्रोलचा उग्र वास आणि मागे काळा धूर असेल, तर पेट्रोल जास्त झाले. चोक अर्धवट अडकला आहे का ते पाहावे. ही लक्षणे सरमिसळ होऊ शकतात, म्हणून खात्री तपासणीनेच करायची. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडातून पाहत थ्रॉटल हाताने उघडावा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. मग फिल्टर परत बसवून, सांडलेले पेट्रोल उडून गेल्यावरच, जास्तीचा एक प्लग वायरला लावून त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे आणि सेल्फ मारून ठिणगी पाहावी. दोन्ही तपासण्या एकाच वेळी करू नयेत. कारण सांगायला नको.

पेट्रोल ठरावीक एका तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके घटक साधारण 35 अंश सेल्सिअसपासूनच वाफ होऊ लागतात, जड घटकांना दोनशेच्या आसपास तापमान लागते. जुन्या गाड्यांत यांत्रिक पंप इंजिनालाच जोडलेला आणि टाकी मागे. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब उतरतो आणि उकळणे आणखी सोपे होते. पंप द्रवासाठी बनवलेला. वाफ तो नुसती दाबतो आणि सोडतो. आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने यात भर घातली आहे. इथेनॉल स्वतः 78 अंशांना उकळते, तरी पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो.

धावती गाडी बंद पडणे आणि थांबवलेली तापलेली गाडी पुन्हा सुरू न होणे, या तक्रारी वेगळ्या धराव्यात. इंजिन बंद केले की पंख्याचा वारा आणि पाण्याचे फिरणे थांबते, पण लोखंडातली उष्णता वर चढत राहते. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारल्यास साचलेली वाफ निघून जाते. कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक ठोकळा एखाद्या मिस्त्रीने ‘उगाच आहे’ म्हणून काढलेला असेल, तर दुसरे कारण शोधण्याआधी तो परत बसवावा.

कॉइलचे गणित वेगळे. 12 व्होल्टच्या साध्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध 3 ओम धरला, तर प्रवाह 4 अँपिअर. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. कॉइल 60 अंशांनी तापली की तो 3.7 ओमवर जातो आणि प्रवाह सव्वातीनवर येतो. साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून, म्हणजे ती जवळजवळ एक तृतीयांश घटते. धडधाकट कॉइल हे सोसते. पण डेल्कोमधले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट जळलेले असतील किंवा कंडेन्सर गळत असेल, तर तेवढी घट पुरते. वेटोळ्यातली एखादी तार आतून तुटलेली असेल, तर तापून फुगल्यावर टोके दुरावतात, निवल्यावर पुन्हा टेकतात. थंड कॉइल मीटरने तपासून ‘ओके’ म्हणणारा म्हणूनच फसतो.

ओले फडके टाकून देऊ नये, पण ते एका वेळी एकाच भागावर ठेवावे. आधी फक्त कॉइलवर, मिनिटभराने सेल्फ मारून पाहायचे. नाही झाली सुरू तर पंपावर. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नये, रेडिएटरचे झाकण उघडू नये.

एक दोष उष्णतेचे नुसते सोंग घेतो. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले की पेट्रोल उपसले जाईल तशी आत पोकळी होते आणि अर्ध्या-पाऊण तासाने गाडी थांबते. तोवर इंजिन तापलेलेच असते, म्हणून आळ उष्णतेवर. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर पंप-कॉइलला हात लावायची गरज नाही.

पेट्रोलही आहे, ठिणगीही आहे, तरी गाडी उठत नाही, असे क्वचित होते. तेव्हा व्हॉल्व्हकडे वळावे. टॅपेटची फट फारच कमी ठेवली असेल, तर तापून लांबलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते. कॉम्प्रेशन गेज एकदा थंड इंजिनावर आणि एकदा बंद पडल्याबरोबर लावावा. गरम आकडा एखाद्याच सिलिंडरमध्ये ठळकपणे घसरला, तर इंजिन पूर्ण निवू देऊन टॅपेट कंपनीने दिलेल्या मापाला लावून घ्यावेत.