पोपटमाशाचं घर माळरान होतं तेव्हा

ओझरच्या विघ्नहराचं दर्शन घेऊन तुम्ही नदीकाठी येता. समोर येडगाव धरणाचं पाणी. आता काळ उलटा फिरू द्या. 1977 च्या मागे जाताच फुगवटा ओसरतो, कुकडी आपल्या पात्रात परतते. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी इथल्या शिखराला सोनं चढवल्याचं सांगतात. तेही शिखर गेलं. नाणेघाटातले लेख गेले, शेतं गेली. 20,000 वर्षांपूर्वी थांबा.

हवा गार, कोरडी. काठाकाठाने खाली बोरी बुद्रुककडे चालत जा. दरडीत पांढुरक्या मातीचा थर दिसतो. चिमूटभर घेऊन चोळा, बोटांना बारीक काच टोचल्यासारखी वाटते. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची ही राख. तुम्ही इतके मागे आलात, तरी ती तुमच्या आधीच येऊन पडलेली आहे.

घाट उतरून पश्चिमेला निघा. किनारा काही येत नाही. जगाचं पाणी बर्फात अडकलंय, समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेलाय. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर, आज जिथे कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक, प्रवाळांनी भरलेला उंचवटा, पाण्याखाली आहे, तिथे उघडं माळरान लागतं. मासा औषधालाही नाही. मला इथे थक्क व्हायला होतं. प्रवाळाची ही दुनिया आपण अनादी समजतो, आणि कुकडीकाठच्या राखेपुढे ती कालची पोर आहे.

काळ पुढे सरकवा. बर्फ वितळतं, माळ बुडतो, सुमारे 7,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीजवळ येतो. खडकावर प्रवाळ धरतं. आता बुडी मारा.

आधी आवाज येतो, कर्र कर्र. पोपटमासा खडक खरवडतोय. त्याचे दात जुळून चोच झालेली. घशातल्या दातांचं जातं वेगळंच. शेवाळ पोटात राहतं, दळलेला चुना पांढरी वाळू होऊन मागे सांडतो. तो ढग तुमच्या तोंडासमोरूनच खाली जातो. ही खरवड थांबली तर शेवाळ माजेल आणि प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागा उरणार नाही.

रात्र होऊ द्या. यांच्यातल्या काही जाती तोंडातून चिकट द्रव सोडून अंगाभोवती पारदर्शक पिशवी विणतात आणि तीत झोपतात. रक्त पिणारे बारीक जीव बाहेरच राहतात.

सकाळी नीट बघा. पिवळट अंगावर निळे पट्टे असलेली ती मादी पुढे नर होऊ शकते. रंगही बदलून हिरवा-निळा होतो. म्हणजे थोराड मासे बहुतेक नर. जाळ्यात नेमके तेच निवडून निघत राहिले, तर माद्यांना लवकर, लहान अंगानेच नर व्हावं लागतं आणि अंडी घालायला त्यांना वर्षं कमी मिळतात.