पांचवा मुलूख

2006 सालीं माझ्या भाच्यानें अमेरिकेहून आमच्या जालन्याच्या घरीं एक डीव्हीडी धाडली. आईनें तरुणपणीं औरंगाबादेस पाहिलेला एक इंग्रजी चित्रपट तींत होता. मोठ्या हौसेनें ती तबकडी संगणकांत घातली, आणि पडद्यावर एवढाच मजकूर उमटला कीं, ही आपल्या मुलुखाची नव्हे. तबकडीवर ओरखडा नव्हता, यंत्रांत बिघाड नव्हता. दोष होता तो नकाशाचा.

1996 च्या नोव्हेंबरांत जपानांत आणि 1997 च्या मार्चमध्यें अमेरिकेंत डीव्हीडी विक्रीस आली. त्या काळीं चित्रपट अमेरिकेंत आधीं झळके व इतरत्र कित्येक महिन्यांनीं पोंचे. तबकडी मात्र टपालानें आठवड्यांत पोंचली असती. म्हणून चित्रपटसंस्थांच्या आग्रहावरून पृथ्वीचे सहा मुलूख पाडण्यांत आले. अमेरिका व कॅनडा पहिला, युरोप व जपान दुसरा. आपण रशियासह पांचव्यांत. विमानें व जहाजें यांसाठींही आठवा क्रमांक राखला होता, हें वाचून मला हसूं आलें.

जालन्याच्या जुन्या माणसांस यांत नवल वाटलें नसतें. निजामी राजवटींत 1900 च्या सुमारास मनमाडहून येथें आगगाडी आली, ती मीटर रुळांची. मुंबईचा रूळ 1676 मिलिमीटर रुंद, आमचा 1000. एकाचा डबा दुसऱ्यावर चालेना. मुंबईस जाणारा माल मनमाडास एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावा लागे. नाण्याचेंही तेंच. जालन्यांत हाली शिक्का, आणि जवळच्याच देऊळगांव राजास, म्हणजे इंग्रजी अंमलाच्या वऱ्हाडांत, कलदार. 1950 मध्यें सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा भाव होता. आजोबा दोन बटवे बाळगीत, एक हालीचा व एक कलदाराचा, असें आई सांगे.

आतां आमच्या अडचणीकडे वळूं. अशा वेळीं प्रथम वेष्टन पाहावें; पृथ्वीगोलाच्या चित्रांत मुलुखाचा आंकडा छापलेला असतो. आपल्याकडील पुष्कळ तबकड्या सर्व मुलुखांत चालणाऱ्या असतात, म्हणून तो पाहण्याची संवय आपणांस नाहीं. पुष्कळदां मुलुखावर विनाकारण आळ येतो. 2012 सालच्या विंडोज 8 पासून तर डीव्हीडी दाखविण्याची सोयच मूळ प्रणालींतून काढून टाकलेली आहे.

आमच्या बाबतींत आळ खरा होता. 2000 सालापासून हें कुलूप ड्राइव्हच्या पोटांतच बसवूं लागले. मुलूख बदलतां येतो, पण पांच वेळां; पुढें तो कायमचा. विंडोज पुसून नव्यानें घातली तरी मोजणी तशीच राहते. आमचा संगणक जुना विकत घेतलेला. चार बदल आधींच्या धन्यानें खर्चिले होते. पांचवा आम्हीं खर्चिला असता, तर पांचव्या मुलुखाच्या आमच्या साऱ्या तबकड्या त्या ड्राइव्हला कायमच्या परक्या झाल्या असत्या.

तबकडीवरील सांकेतिक लिपीचा भेद 1999 मध्येंच फुटला होता. त्यापायीं नॉर्वेंतील योन योहान्सन या किशोरवयीन मुलावर खटला झाला व 2003 मध्यें तो निर्दोष सुटला. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या खटपटींतून निघालेला व्हीएलसी पुष्कळदां ड्राइव्हचा मुलूख न जुमानतां चित्र दाखवितो. तोही लावून पाहिला. परंतु कांहीं ड्राइव्ह परक्या तबकडीचा मजकूर मुळीं वाचूंच देत नाहींत, आणि आमचा त्यांपैकींच निघाला.

दोन दिवस मी तो शेवटचा बदल करूं कीं नको या विवंचनेंत होतों. आई म्हणाली, "अरे, दुसरा बटवा घे." कुलूप संगणकाला नसून ड्राइव्हला आहे, हें मीच तिला समजावून दिलें होतें! दुसरा ड्राइव्ह आणून जोडला, त्यावर पहिला मुलूख लाविला, आणि जुन्यास हात लाविला नाहीं.

चित्रपट त्याच रात्रीं पाहिला. आईस आठवत होता त्याहून तो बराच लांबलचक निघाला. दुसऱ्या दिवशीं तिनें नव्या ड्राइव्हवर कागदाची चिठ्ठी डकवून स्वतःच्या अक्षरांत लिहिलें: कलदार.